जॉर्ज इन, सदर्क, लंडन: नावात इन आहे, पण खोली विचारू नका

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे माझ्यासारखा तुमचा पोपट नको व्हायला. या जागेच्या नावात इन आहे, पाटीवर इन आहे, तरी रात्री राहायला खोली मिळत नाही. प्यायला मिळतं, खायला मिळतं, बसायला मस्त अंगण आहे, झोपायचं मात्र दुसरीकडे. नशीब आम्ही बॅगा ओढत गेलो नव्हतो, पण मी बारवर जाऊन वरच्या रूम्सचं विचारलं तेव्हा काउंटरवरच्या पोराने इतक्या सवयीने मान हलवली की हे त्याला रोज कोणीतरी विचारत असणार. बायको म्हणाली, "अरे मग इन कशाला म्हणतात? टॅव्हर्न म्हणायचं ना." आणि तिथून हा सगळा घोळ सुरू झाला, कारण मला वाटायचं दोन्ही एकच, जुन्या इंग्लंडमधला दारूचा अड्डा, एकाला एक नाव दुसऱ्याला दुसरं. तसं नाहीये. पुढचे चार दिवस आम्ही मुद्दाम दोन्ही प्रकारच्या जागा बघत फिरलो, तो सगळा हिशोब या एकाच रिव्ह्यूत टाकतोय, लांब झालाय, चहा घेऊन बसा.

आधी जॉर्जबद्दल. लंडन ब्रिज स्टेशनमधून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे चालत राहिलं की डाव्या हाताला एक बोळ आत जातो. (स्पेलिंग बघून साउथवार्क म्हणू नका, तिकडे सदर्क म्हणतात, आम्ही पहिले दोन दिवस साउथवार्क साउथवार्क करत होतो आणि लोक सभ्यपणे ऐकून घेत होते.) बोळातून आत शिरलं की एकदम फरसबंद अंगण, आणि डोळ्यासमोर पांढरी लांबलचक इमारत, तिला एकावर एक लाकडी गॅलऱ्या. लंडनमधली गॅलऱ्यांची ही एकच कोचिंग इन (म्हणजे घोडागाड्या थांबायच्या ती इन) आता उरलीय. जागा त्याहून जुनी आहे पण १६७६ साली सदर्कमध्ये मोठी आग लागली त्यात सगळं खाक झालं आणि १६७७ मध्ये ही इमारत परत उभी केली. आणि जी दिसते ती पण पूर्ण नाही बरं का, अंगणाच्या तीन बाजूंनी होती, एकच बाजू शिल्लक आहे. बाकीची ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १८८९ मध्ये पाडली कारण त्यांना माल ठेवायला जागा हवी होती. मजा बघा, घोडागाड्यांचा धंदा रेल्वेने बुडवला, मग इमारत पण रेल्वेनेच पाडली, आणि उरलेला तुकडा १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणारी संस्था) दान कोणी दिला तर त्याच रेल्वेच्या वारसदार कंपनीने.

आत एक मोठा हॉल वगैरे नाही, छोट्या छोट्या खोल्यांची रांग आहे, एकातून दुसरीत जायचं, फरशी कुठे वर कुठे खाली, दारं बुटकी, मी पाच फूट दहा तर मला दोनदा मान झुकवावी लागली. खिडकीजवळची खोली पूर्वी गाडीची वाट बघणाऱ्या उतारूंची होती म्हणतात. एका भिंतीवर मोठी काळी डायल असलेलं जुनं घड्याळ आहे, त्याला पार्लमेंट क्लॉक म्हणायची पद्धत आहे. १७९७ मध्ये सरकारने घड्याळांवर टॅक्स लावला होता, मग लोकांनी स्वतःची घड्याळं ठेवणं सोडलं आणि अशा सार्वजनिक जागी मोठी घड्याळं लागली अशी गोष्ट सांगतात. टॅक्स वर्षभरातच मागे घेतला, आणि असली घड्याळं त्याच्या कितीतरी आधीपासून बनत होती, म्हणजे गोष्ट अर्धीच खरी. पण मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. घड्याळवाले लोक याला टॅव्हर्न क्लॉक म्हणतात! म्हणजे इनच्या भिंतीवर टॅव्हर्नचं घड्याळ. इंग्रजांनाच फरक राहिला नाही तर आपण कुठे.

तर फरक. अगदी साधा आहे, फक्त आपल्याला कोणी असा सांगत नाही. जुन्या काळी तीन प्रकार होते, दोन नाही. इन म्हणजे वाटसरूला झोपायला खाट, घोड्याला पागा, दोघांना खाणं. टॅव्हर्न म्हणजे वाइन विकणारी जागा, सोबत जेवण, राहायची सोय नाही. आणि तिसरं एलहाउस, म्हणजे कुणाच्या तरी घरातच बनवलेली एल (बिअरचाच एक प्रकार) तिथेच बसून प्यायची. आपल्याकडे भाषांतर करणारे टॅव्हर्नला सरळ गुत्ता लिहून मोकळे होतात, मला ते आता खटकतं, गुत्ता म्हणायचाच तर एलहाउसला म्हणा. टॅव्हर्न जरा वरच्या थरातलं. वाइन तिकडे फारशी बनत नव्हती, फ्रान्समधल्या बोर्दोसारख्या ठिकाणाहून जहाजाने यायची, महाग पडायची, त्यामुळे पिणारा पण व्यापारी, वकील, दरबारातला वगैरे. इनला सराई म्हटलं तर चालून जाईल, निदान रात्रीचा मुक्काम त्यात येतो.

आकडे बघितले की चित्र अजून साफ होतं. १५७७ साली डोव्हर बंदराच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा होता म्हणून सरकारने या सगळ्या जागांची मोजदाद केली. एलहाउसं निघाली १४,००० च्या वर, इन १,६०० च्या आसपास, आणि टॅव्हर्न फक्त सव्वातीनशेच्या घरात. म्हणजे गल्लोगल्ली जे होतं ते टॅव्हर्न नव्हतंच! त्याआधी १५५३ मध्ये कायदाच केला होता की कुठल्या शहरात किती टॅव्हर्न चालतील, अख्ख्या लंडनला ४०. सिनेमात मात्र प्रत्येक खेड्यात एक टॅव्हर्न असतं आणि प्रत्येक टॅव्हर्नच्या वर हीरोला खोली मिळते. आता मी असं काही बघायला लागलो की बायको आधीच म्हणते, गप बस.

मला सगळ्यात पटलेला पुरावा वेगळाच आहे. लंडनमध्ये लिंकन्स इन, ग्रेज इन अशा वकिलांच्या संस्था आहेत, आम्ही लिंकन्स इनच्या बाहेरून चालत गेलो. दारूशी त्यांच्या नावाचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत इन म्हणजे राहायची जागा, घर, आणि शिकाऊ वकील तिथे राहायचे म्हणून इन. टॅव्हर्न हा शब्द लॅटिनमधल्या ताबेर्नावरून आला, तो दुकानाचा शब्द. म्हणजे एक घर, एक दुकान. इतकं सोपं होतं हो.

आणि इमारतीवरून पण ओळखता येतं, ही खरी कामाची टिप. इनला रस्त्यावर कमान असते, घोडागाडी आरपार आत जाईल एवढी उंच, कमानीच्या पायथ्याशी बऱ्याच ठिकाणी दोन दगड असतात ते चाक भिंतीला घासू नये म्हणून. आत अंगण, मागे पागा, वर खोल्या आणि खोल्यांना बाहेरून गॅलरी. टॅव्हर्नला यातलं काही लागत नाही, रस्त्यावरून थेट दार, खाली तळघर कारण वाइनची पिंपं थंड हवीत, वर छोट्या खासगी खोल्या. बरो हाय स्ट्रीटवर अशा इनची रांगच होती कारण लंडन ब्रिजचे दरवाजे रात्री बंद व्हायचे, केंटकडून उशिरा आलेला माणूस नदीच्या अलीकडेच अडकायचा, मग मुक्काम इथे. त्या इन गेल्या पण बोळांची नावं राहिली, व्हाइट हार्ट यार्ड, टॅलबट यार्ड, किंग्ज हेड यार्ड. तासाभरात सगळे बोळ फिरून होतात, फुकट आहे, नक्की करा. बहुतेक बोळांत आता ऑफिसं आणि कचऱ्याचे डबे आहेत, पण एकदा कमानीचं गणित कळलं की डोळ्यासमोर अंगण उभं राहतं.

जॉर्जचं खाणंपिणं: मी हातपंपाची बिटर घेतली, बायकोने सायडर. बिटर आपल्या बिअरसारखी बर्फगार नसते, तळघराच्या थंडाव्याची असते, पहिल्या घोटाला कोमट वाटते आणि तिसऱ्या घोटाला चव कळायला लागते. पाइंट म्हणजे ५६८ मिली, ग्लास काठोकाठ भरून देतात, अंगणातल्या टेबलापर्यंत न सांडता नेणं हा एक खेळच आहे. लंडनच्या मानाने भाव ठीक, सहा-सात पाउंड पाइंटला धरून चला. पाय (इंग्रजीतला pie, सारण भरून भाजतात तो) मागवला होता, वरचं कव्हर खुसखुशीत, आत रस्सा, मीठ आपल्या जिभेला कमी. टेबलावर कोणी ऑर्डर घ्यायला येणार नाही, बारवर जाऊन स्वतः सांगायचं, पैसे तिथेच द्यायचे, आम्ही पंधरा मिनिटं साहेबासारखे बसून होतो तेव्हा शेजारच्या आजोबांनी खुणेने सांगितलं. संध्याकाळी सहानंतर ऑफिसवाल्यांनी अंगण इतकं भरतं की उभं राहूनच प्यावं लागतं, त्यामुळे दुपारी जा. जॉर्जला माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा स्टार त्या खोलीचा कापला, अन्याय आहे माहितीय.

दुसऱ्या दिवशी टॅव्हर्नच्या जातीतलं काहीतरी बघायचं म्हणून फ्लीट स्ट्रीटवर ये ओल्ड चेशायर चीजला गेलो. (ते ये नाही, ते नुसतं द आहे, जुन्या लिपीतलं एक अक्षर वाय सारखं दिसायचं म्हणून घोळ झाला. मी मोठ्याने ये ओल्ड म्हटलं होतं, माझ्याकडूनही व्हायचं ते झालं.) ही इमारत लंडनच्या मोठ्या आगीनंतर १६६७ ची. इथे कमान नाही, अंगण नाही, पागा नाही, एका अरुंद बोळातून थेट दार, आणि त्या बोळाचं नाव काय तर वाइन ऑफिस कोर्ट, कारण पूर्वी वाइनची लायसन्सं देणारं ऑफिस तिथे होतं. मला एवढा आनंद झाला की मी पाटीचाच फोटो काढला, जागेचा राहिला. आत दिवसा पण अंधार, लाकडी बाकडी, आणि खाली जिने उतरत जा उतरत जा, तळघराखाली अजून तळघर, दगडी कमानी, मोबाईलची रेंज गायब. इथली हवा वेगळी आहे. जॉर्जमध्ये गेलात की पुढे कुठेतरी निघायचंय असं वाटतं, सगळं उघडं, अंगणाकडे तोंड केलेलं. इथे उलट, एकदा खाली बसलं की वर काय चाललंय याची शुद्धच राहत नाही, माणसं टेबलावर वाकून हळू आवाजात बोलतात. बाहेरगावचा माणूस इनमध्ये आणि गावचाच माणूस टॅव्हर्नमध्ये, हा फरक मला पुस्तकापेक्षा त्या तळघरात जास्त कळला. साडेचार स्टार यालाही. गुडघे दुखत असतील तर वरच्याच मजल्यावर बसा.

आता तिसरी जागा, आणि इथे मी नाव लिहिणार नाही, गावाचं पण नाही, का ते शेवटी कळेल. लंडनबाहेर एका छोट्या गावात एका खऱ्या इनमध्ये, म्हणजे खोल्या असलेल्या, आम्ही एक रात्र बुक केली होती. कमान होती, कमानीखाली दगड पण होते, मी खूश. ट्रेन लेट झाली, पोचलो सव्वानऊला, बारमागे मालकीणबाई, पन्नाशीच्या, त्यांनी लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली किल्ली हातात दिली आणि म्हणाल्या किचन नऊला बंद झालं, लव्ह. अरे, वाटसरूला खायला द्यायचं हाच तर इनचा धर्म ना! चारशे वर्षांपूर्वी, १६०४ च्या कायद्यात चक्क लिहिलेलं होतं की या जागा वाटसरूंच्या सोयीसाठी आहेत, रिकामटेकड्यांनी पीत बसण्यासाठी नाहीत. आणि समोर बारवर आठ-दहा गाववाले निवांत पीत बसलेले आणि वाटसरू उपाशी. हे मी मनात म्हटलं, तोंडाने थँक्यू म्हटलं.

पलीकडच्या कोपऱ्यावर एक जागा होती, नावात टॅव्हर्न, तिथे दहापर्यंत जेवण मिळालं, गरम सूप, ब्रेड, आणि वर मालकाने स्वतः येऊन विचारलं कुठून आलात. मी गंमत म्हणून विचारलं तुमच्याकडे रूम्स आहेत का, तर तो म्हणाला वर मी राहतो, तुम्हाला सोफा चालेल का. म्हणजे इनमध्ये जेवण नाही आणि टॅव्हर्नमध्ये बिछाना मिळू शकतो अशी उलटी गंगा.

परत येतो तर काय. जेवायला जाताना जिना अरुंद म्हणून मोठी बॅग आम्ही खालीच पॅसेजमध्ये ठेवली होती, मालकीणबाईच म्हणाल्या होत्या राहू दे तिथे. कोणीतरी एलचं पिंप बदलताना पाइप सुटला आणि अर्धी एल आमच्या बॅगेवर. वरच्या थराचे सगळे कपडे चिंब, पॅसेजभर वास. बायको काहीच बोलली नाही, तो जास्त वाईट प्रकार.

आणि तेव्हा माझं लक्ष भिंतीवरच्या एका छोट्या फ्रेमकडे गेलं. हॉटेल प्रोप्रायटर्स ॲक्ट १९५६ ची नोटीस. मी उभ्या उभ्या सगळी वाचली. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात इनवाल्यावर दोन मोठ्या जबाबदाऱ्या होत्या, एक, जागा असेल आणि आलेला माणूस पैसे द्यायला तयार असेल, धड शुद्धीत असेल, तर त्याला नाही म्हणायचं नाही. दोन, पाहुण्याचं सामान हरवलं किंवा खराब झालं तर भरपाई इनवाल्याने द्यायची, कारण त्या काळी इनवाला आणि चोर यांची मिलीभगत असायची अशी लोकांना शंका. १५८४ च्या एका गाजलेल्या खटल्यात हे नीट मांडलं गेलं. टॅव्हर्नवाल्यावर इनवाल्याचं हे ओझं नव्हतं. त्याने वाइन द्यायची, तुम्ही पैसे द्यायचे, विषय संपला. १९५६ च्या कायद्याने भरपाईला मर्यादा घातली, अशी नोटीस लावलेली असेल तर एका वस्तूला जास्तीत जास्त ५० पाउंड, एका पाहुण्याला एकूण १००. इनवाल्याचीच चूक असेल किंवा सामान सांभाळायला म्हणून दिलं असेल तर ही मर्यादा लागू नाही. गाडी आणि घोडा यातून वगळलेत. घोडा! १९५६ मध्ये! ज्या पागेमुळे इनला इन म्हणायचे तीच बाहेर काढली.

तर मी मालकीणबाईंना नोटीस दाखवायला निघालोच होतो, आकडे पाठ करून. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही, बॅग उचलली, स्वतःच्या घरातल्या मशीनमध्ये कपडे टाकायला घेऊन गेल्या, आणि अकराला बारची घंटा वाजवून गाववाल्यांना हाकलल्यावर आम्हाला चहा आणि चीज सँडविच वर आणून दिलं, किचन बंद असताना. खोली तशी ठीकठाक होती, गादी मऊ, जमीन एवढी तिरकी की पेन ठेवलं तर घरंगळत कपाटाखाली गेलं, अकरापर्यंत खालचा सगळा आवाज वर. हलकी झोप असेल तर बारच्या डोक्यावरची खोली घेऊ नका, मागच्या अंगणाकडची मागा. तीन स्टार देणार होतो, सँडविचचा एक वाढवला.

बुकिंग करताना एक लक्षात ठेवा, आता इन, टॅव्हर्न, आर्म्स, काहीही पाटी लावता येते. २००५ च्या नोव्हेंबरपासून इंग्लंड-वेल्समध्ये दारू विकणाऱ्या सगळ्या जागांना एकाच प्रकारचं लायसन्स लागतं, नावावरून काहीच ठरत नाही. त्यामुळे नावावर जाऊ नका, रूम्स आहेत का आणि किचन किती वाजता बंद होतं हे फोन करून विचारा. अमेरिकेत जाणार असाल तर अजून घोळ, तिकडे जुन्या काळी टॅव्हर्नमध्येच लोक राहायचे.

सकाळी कपडे घडी करून दाराबाहेर ठेवलेले होते, वर एक चिठ्ठी, सॉरी अगेन. ब्रेकफास्टचे पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मोजले तर माझा एक मोजा कमी आहे, निळा, उजव्या पायाचा.